भरल्या गाडीला वाट

गाव सोडलं त्या सकाळी आमच्याकडं सगळ्यांत आधी भांडण झालं ते कुणाची गाडी पुढं जाणार यावरून. दुसऱ्या मोठ्या लढाईचं तिसरं वर्ष असेल. नगरच्या छावणीत लष्कराच्या मोटारी आणि रणगाडे चालवायला शिकवत, त्यासाठी सरकारला मोकळं रान हवं होतं, आणि ते नेमकं आमच्या बोरखळीचं निघालं. दवंड्या झाल्या, कचेरीची माणसं साखळ्या टाकून जमीन मोजून गेली, आणि एक दिवस ठरला. घरांची दारं आणि तुळयासुद्धा उपटून गाड्यांवर चढल्या होत्या. बायका उंबरे नसलेल्या घरांपुढं उभ्या राहून रडत होत्या. आणि पुरुषमंडळी? ती वेशीत उभी राहून घसा फोडत होती, माझी गाडी पुढं म्हणून. मला तेव्हाही चीड आली होती आणि आजही येते. गाव सोडूनच जायचंय, तर पुढं काय नि मागं काय!

बाहेरच्याला सांगायला हवं की आमच्याकडं गाडीवाटेचा एक रिवाज होता. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर भरल्या गाडीला वाट द्यायची. रिकामीनं एक चाक वावरात उतरवून उभं राहायचं. मग ती पाटलाची बसायची दमणी का असेना, रिकामी असली की तीही उतरायची. यावर कधी तंटा झालेला माझ्या ऐकिवात नाही. पण त्या दिवशी सगळ्याच गाड्या भरलेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेनं निघालेल्या. अशा वेळी काय करायचं ते कुठल्याच म्हाताऱ्यानं सांगून ठेवलेलं नव्हतं. शेवटी आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी हाकलली. त्यांची गाडी वेशीच्या तोंडाशी होती एवढंच.

खिंडीत पोचलो तर समोरून लष्कराच्या लॉऱ्या. आमची जमीन ताब्यात घ्यायला निघालेल्या त्या, ओळीनं. खिंड एवढी अरुंद की एकच वाहन जाईल. मी, माझा धाकटा भाऊ म्हादू आणि आमची आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, तिघं गाडीमागं चालत होतो. तात्या खाली उतरले, हात वर करून पहिल्या लॉरीपुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "भरल्याली का रिकामी?"

ड्रायव्हर पंजाबी शिपाई होता. त्याला एक अक्षर कळलं नसणार. तात्यांनी मागं जाऊन लॉरीच्या हौद्यात डोकावून पाहिलं, रिकामा हात हलवून दाखवला, मग आमच्या गाडीकडं बोट केलं. तो शिपाई पोटभर हसला. आणि काय त्याच्या मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं लॉरी मागं घेतली. मागच्या सगळ्यांना मागं घ्यायला लावली. आमचं अख्खं गाव खिंडीतून पार झालं तोवर सरकारच्या लॉऱ्या कडेला उभ्या होत्या. तात्या बाईला म्हणाले, "बघ, मानसं हायेत. रीत कळती त्येंना."

त्या शिपायाचे उपकार मानावेत की त्याला शिव्या द्याव्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्या एका सकाळीवरून तात्यांनी कायमची खूणगाठ बांधली की मोटारींनासुद्धा आपला रिवाज लागू आहे.

आता गावकऱ्यांनो, सरकारनं माळावर जागा दिली त्या नव्या वस्तीचं ऐका. तुमच्यातले कुणी मुंबईला गेलात, कुणी राहात्याकडं उसाच्या मळ्यांत, तुम्हाला हे सांगायलाच हवं. आणि जे तिथंच राहिलात त्यांना ऐकवायलाच हवं. कचेरीतल्या कारकुनानं नकाशा आणला होता. मधे मारुती, मारुतीपुढं चौक, चौकाभोवती घरं, मागं खळ्यांना जागा. चांगलं गावासारखं गाव. पण आपल्या लोकांनी नकाशा उलटा सुलटा करून पाहिला आणि एकच धोशा लावला की घराला जागा द्यायची तर मोटाररस्त्याला लागून. मोटारी थांबतील, कांदा-भाजी दारातच विकली जाईल, नगरला जायला पायपीट नको. एकानं मागितलं म्हणून दुसऱ्यानं, आणि मागं राहिलेल्याला कमीपणा म्हणून तिसऱ्यानं. कारकून म्हणाला, बरं, घ्या. झालं! गाव सुतळीसारखं लांब झालं. एक ओळ घरांची, पुढं रस्ता, मागं माळ. या टोकाच्या घरी बारसं असलं तर त्या टोकाच्या बाईला निम्मा कोस चालत जावं लागे, तेही मोटारींची धूळ खात. चौक नाही, वेस नाही. मारुती कुठं बसवायचा यावरून दोन्ही टोकांची इतकी जुंपली की देव बरेच दिवस आमच्या गोठ्यात पोत्यावर उभा होता.

आणि गावाचं नावही गेलं. मोटारवाल्यांना बोरखळी कशाला ठाऊक असणार? रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावरून ते आम्हाला सातवा मैल म्हणायला लागले. मोटारवाल्यांचं ठीक आहे, पण वर्षा-दोन वर्षांत आपलीच पोरं "आमी सातव्या मैलाचे" म्हणून सांगायला लागली, याला काय म्हणायचं? सोयरिकीला आलेले पाहुणेही जमीन किती, बैल किती हे विचारायचं सोडून घर रस्त्याला लागून आहे का, ते विचारायचे. होतंच की लागून. सगळ्यांचंच होतं.

आमचं एक वावर तेवढं ताब्यात गेलं नव्हतं. ते आणि विहीर रस्त्याच्या पलीकडं, घर अलीकडं. म्हणजे पाणी आणायचं तर रस्ता ओलांडा, बैल न्यायचे तर रस्ता ओलांडा. लष्कराच्या लॉऱ्यांची रांग लागली की बाई डोक्यावर हंडा घेऊन तशीच ताटकळत उभी. समोर चूल पेटलेली दिसायची, भाकरी करपल्याचा वास यायचा, पण जाता यायचं नाही. पाखडलेल्या बाजरीवर धूळ, वाळवणावर धूळ, तान्ह्या पोरांच्या पापण्यांवर धूळ. कोंबड्या तर पाळायच्याच बंद झाल्या. पण तक्रार करायची कुणाकडं? जागा आपणच मागून घेतलेली.

तात्या मात्र ताटकळत उभे राहणाऱ्यांतले नव्हते. वावरातून गाडी भरून आणली की ते सरळ रस्त्यावर उतरून हात वर करायचे. लॉरी करकचून थांबायची. तात्या विचारायचे, "भरल्याली का रिकामी?" लढाई होती तोवर निभावलं. त्याच त्या लॉऱ्या, तेच ते ड्रायव्हर. कुणी शिवी द्यायचा, कुणी हसायचा, एकदा फटफटीवरच्या गोऱ्या साहेबानं त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. तात्यांना त्याचं काही नाही. ते घरी येऊन सांगायचे, "त्यो भरल्याला हुता, म्हून मीच सरलो." बाईचा जीव मात्र टांगणीला. ती म्हणायची, "एक दिस चाकाखाली जाल आन् आमाला गोळा कराया लावाल." तात्या म्हणायचे, "रीत पाळनाऱ्याला कोन कशापायी मारंल?"

पुढं माझं लग्न झालं. मी सातवी शिकलेली म्हणून खडकीच्या कारखान्यातला कारकून नवरा मिळाला, आणि मी चाळीत राहायला गेले. नळाचं पाणी, स्टोव्ह, रेशनची रांग, नवऱ्याची सायकल दारात. तिथंही ओढाताण होती, पण निदान नळ आणि चूल एकाच बाजूला होते. माहेरी गेले की बाई मला मागच्या दारी नेऊन एकच सांगायची, "शेवंते, तुझं ऐकत्यात. त्येंना सांग, रस्त्यात जाऊ नका म्हनावं." मी सांगायची. गोड बोलून सांगितलं, रागावून सांगितलं, पुण्यात मोटारीखाली कशी माणसं सापडतात ते रंगवून सांगितलं. तात्या तंबाखू मळत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुन्यातली मानसं रिकामीच हिंडत असत्याल."

लढाई संपली तशी लष्करानं जुन्या लॉऱ्या विकायला काढल्या. आमच्या म्हादूनं दोघा भागीदारांबरोबर एक घेतली. हा म्हादू, जो बैलांच्या अंगाला अंग लावून झोपायचा, तो आता गिअर, क्लच, स्टेपनी याशिवाय बोलेना. पँट घालायला लागला. कान कायम सडकेकडं. बैलांचं नाव काढलं की म्हणायचा, "खात्यात किती आन् चालत्यात किती, हिसाब करा की." एकटा तोच नव्हे. ज्या घरात बघावं तिथं कुणी क्लिनर, कुणी पंक्चर काढणारा. खळ्यांसाठी म्हणून जी काही जागा राहिली होती तिथं चहाची दुकानं आली आणि लॉऱ्या उभ्या राहायला लागल्या. खळंच नाही तर पीक कुठं मळायचं? मग पीक तरी कशाला घ्यायचं? असं एकातून एक. जमीन सरकारनं थोडीच घेतली होती सगळी? उरलेली आम्हीच सोडली.

आता ज्या दिवसाचं सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, तो दिवस. पाडव्याला मी पोरीला घेऊन माहेरी निघाले होते. माझी लेक दीड वर्षाची. नगरला म्हादू लॉरी घेऊन आला होता, माल उतरवून रिकामा परत निघालेला. त्यानं आम्हाला पुढं आपल्या शेजारी बसवलं. लेक भोंग्याच्या आवाजाला टाळ्या वाजवत होती आणि भाचीला हसवायला हा दर झाडाला भोंगा वाजवत होता. खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. माहेरी इतक्या लवकर मी कधी पोचले नव्हते.

घराच्या अलीकडं ओढ्यावर एक अरुंद मोरी आहे. त्या मोरीवर ऐन मधोमध तात्यांची गाडी होती. कडब्याच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली. वावराची वाट मोरीच्या पलीकडं रस्त्याला लागायची आणि आमच्या गोठ्याकडं वळायची वाट अलीकडं, म्हणून तेवढा तुकडा रस्त्यानंच यावं लागे. म्हादूनं ब्रेक दाबला. आमच्या मागं उसाची लॉरी थांबली, तिच्यामागं पाथर्डीची उतारूंनी भरलेली सर्व्हिस मोटार, आणि दोघांनी भोंगे सुरू केले.

तात्या उतरून आले. आपल्या पोराची लॉरी त्यांना ओळखू आली नसेल असं नाही. पण ते नेहमीसारखेच पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "भरल्याली का रिकामी?"

म्हादूचं तोंड लाल झालं. मागं सगळे बघत होते. तो म्हणाला, "तात्या, ह्यो मोटारीचा रस्ता हाय. गाडी मागं घ्या."

"इचारलं त्येचं उत्तर दे."

"रिकामी हाय! पर म्हून काय झालं? माझ्यामागं दोन गाड्या हायेत, मी कुठं जाऊ मागं?"

 तात्यांनी मागच्या गाड्यांकडं पाहिलं, म्हादूकडं पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आणि मांडीवरच्या लेकीवर पडली. ते माझ्या बाजूला आले, खिडकीतून लेकीच्या गालाला बोट लावलं आणि म्हादूला म्हणाले, "लेक आन् नात माहेराला आनलीस आन् रिकामी म्हंतोस व्हय रं? ही भरल्याली हाय. मी देतो वाट." आणि ते बैल सोडायला वळले, कारण भरलेली गाडी बैलांकरवी मागं रेटता येत नाही, बैल सोडून ती माणसांनी ढकलावी लागते.

मला ते सहनच झालं नाही. कडब्यानं भरलेली गाडी सोडायची, आणि ती या रिकाम्या डबड्यासाठी? मी दार उघडलं, लेकीला कडेवर घेतलं आणि खाली उतरले. म्हादूला म्हटलं, "घे, झाली रिकामी. आता मागं घे." म्हादू म्हणाला, "आक्का, डोकं ठिकानावर हाय का? बस वर." मी बसले नाही. तो मला ओरडतोय, मी त्याला ओरडतेय, लेक रडतेय, आणि मागचे भोंगे काही थांबत नाहीत. तात्या बैलांचे कासरे हातात धरून उभे. तेवढ्यात सर्व्हिस मोटारीतले उतारू वैतागून उतरले. नगरहून बाजार करून निघालेली माणसं, त्यांना घरी जायचं होतं. कुणी कुणाला विचारलं नाही. दहा-बारा जणांनी गाडीला खांदा लावला, हो हो म्हणत ती मोरीवरून मागं रेटली आणि रस्त्याकडेच्या चरीत सोडून दिली. गाडी कलली. निम्म्या पेंढ्या चिखलात गेल्या. म्हादूनं मान खाली घालून लॉरी काढली, मागून उसाची गेली, सर्व्हिस मोटार गेली. तिच्यातल्या एकानं तात्यांना हात जोडून नमस्कारही केला. तो चेष्टेनं केला की मनापासून, मला कळलं नाही.

मी पोरीला बांधावर बसवून पेंढ्या उचलायला लागले. वाटलं, तात्या म्हणतील, शेवंतीनं तरी बाजू घेतली. तर ते माझ्यावरच उखडले.

"तू कशाला उतरलीस?"

"मग काय करू? त्यो तुमाला चरीत घालतो आन् मी वर बसून बघू?"

"मी वाट देत हुतो," तात्या म्हणाले. "दिली असती आन् घरी गेलो असतो. आता ती त्येंनी घेतली."

 बापाची बाजू घ्यावी तर बाप ओरडतो, भावाची घ्यावी तर जीभ रेटत नाही. आजही मला वाटतं की मी बरोबर होते. म्हादूला वाटतं तो बरोबर होता, आणि खरोखरच त्याला मागं जायला जागा नव्हती. आम्ही दोघं पाडव्याला श्रीखंडाच्या वाटीवरून पुन्हा त्यावरच भांडलो. तात्या जेवून उठून गेले.

त्यानंतर त्यांनी कुठल्याही मोटारीपुढं हात वर केला नाही. बाईला वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. पण त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकायचंच सोडलं. वावर पलीकडं, विहीर पलीकडं, आणि तात्या अलीकडं ओट्यावर. म्हादूनं बैल विकले तेव्हाही ते ओट्यावरून उठले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यानंच वावराचा बांध फोडून तिथं लॉऱ्या उभ्या करायला जागा केली. आता तिथं तेलाचे डाग पडलेत आणि नांगर घातला तरी काही उगवेल असं वाटत नाही. बाई म्हणते, "आमी त्येंला रस्त्यात जाऊ नका म्हन्लं हुतं, वावरात जाऊ नका न्हवतं म्हन्लं."  माझ्या बापाचा जीव वाचावा म्हणून मी इतकी वर्षं डोकं फोडलं. जीव वाचला. तो आता ओट्यावर बसून असतो.

चाळीत कुणी विचारलं की गाव कुठलं, की मी बोरखळी म्हणते. मग कुठं आलं ते, म्हणून विचारतात. तिथं आता तारेचं कुंपण आहे आणि आत रणगाडे चालतात. मग सातवा मैल म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना दर वेळी माझा जळफळाट होतो. माणूस मैलाचं असतं का?

गेल्या महिन्यात जाऊन आले. सर्व्हिस मोटार आम्हाला घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उतरवते. एका हाताला लेक, एका हाताला पिशवी घेऊन मी कडेला उभी राहिले. समोर आमचा ओटा. तात्यांनी मला पाहिलं, उठले, लगबगीनं रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मधून लॉऱ्या जात होत्या. एक गेली की दुसरी, दुसरीमागं टँकर. दोन लॉऱ्यांच्या मधल्या फटीत ते दिसायचे, पुन्हा झाकले जायचे. ते तोंड उघडून काहीतरी सांगत होते, ये म्हणत होते की थांब म्हणत होते, इंजिनांच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. लेक विचारत होती, आई, आजोबा येत का नाहीत? धूळ नाकातोंडात जात होती. माझं माहेर समोर होतं, हाकेच्या अंतरावर, आणि हाक पोचत नव्हती.